जबलपूरचे दोन मणके

जबलपूर म्हटले की प्रवाशाच्या डोळ्यांपुढे भेडाघाटचे संगमरवरी कडे आणि धुवांधारचा प्रपात उभा राहतो. प्राणिशास्त्राच्या अभ्यासकाला मात्र आठवते ती बडा सिमला नावाची टेकडी. पुढे ठगांच्या बंदोबस्तासाठी प्रसिद्धीस आलेले कॅप्टन स्लीमन यांना १८२८ साली तेथे अश्मीभूत हाडे सापडली. त्या वेळी 'डायनोसॉर' हा शब्दही जन्मला नव्हता. रिचर्ड ओवेन यांनी तो १८४२ मध्ये घडविला.

परंतु हाडे सापडणे निराळे आणि नवी जाती सिद्ध होणे निराळे. त्यासाठी मूळ नमुना जपून ठेवावा लागतो, ज्ञात जातींहून तो कोठे वेगळा आहे हे दाखवावे लागते, आणि दोन पदांचे शास्त्रीय नाव देऊन वर्णन प्रसिद्ध करावे लागते. आफ्रिकेतील ओढ्याकाठचा इवलासा कीटक असो वा नर्मदेकाठचा महाकाय प्राणी असो, रीत एकच.

जबलपूरच्या हाडांना हे भाग्य १८७७ मध्ये लाभले. रिचर्ड लिडेकर यांनी शेपटीचे मणके तपासले. प्रत्येक मणका पुढून खोलगट आणि मागून फुगीर. एकाचा फुगवटा त्यामागच्याच्या खळग्यात बसावा, असा हा उखळीचा सांधा. ग्रीक पुराणांतील टायटन दैत्यांवरून त्यांनी नाव दिले 'टायटॅनोसॉरस इंडिकस'. भारतात नामकरण झालेला हा पहिला डायनोसॉर होय.

पुढे त्याच्यावर दोन संकटे आली. मूळ मणके कोलकात्याच्या संग्रहात दिसेनासे झाले. आणि तशाच सांध्याचे प्राणी दक्षिण अमेरिका, मादागास्कर अशा दूरदूरच्या भूभागांत आढळले. जे एका व्यक्तीचे लक्षण मानले होते, ते अवघ्या घराण्याचे निघाले! म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च या संशोधकांनी ती जाती ग्राह्य नसल्याचा निर्णय दिला. घराण्याने मात्र 'टायटॅनोसॉर' हे नाव टिकविले आहे.

हरवलेले मणके २०१२ मध्ये कोलकात्यातच, भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या संग्रहात पुन्हा सापडले. धनंजय मोहबे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती हकीकत प्रसिद्ध केली.

नाव रद्द झाले म्हणून लिडेकरांचे श्रम वाया गेले काय? मुळीच नाही. त्यांनी आपली लक्षणे उघडपणे मांडली, म्हणूनच सव्वाशे वर्षांनी ती तपासता आली. जपलेला नमुना आणि प्रामाणिक वर्णन यांच्या बळावरच विज्ञान आपली चूक आपणच सुधारते.