अकरा महिन्यांचे पत्ते

म्हाडाच्या घरासाठी पूर्वी आधी सोडत निघायची आणि नंबर लागला की कागदपत्रं तपासली जायची. 2023 पासून हा क्रम उलटा झाला. आता कागद आधी चढवायचे, ते तपासून झाले की मगच सोडतीत नाव. सुधारणा चांगली आहे. नंबर लागूनही पात्रतेच्या फायली घेऊन वर्ष-वर्ष फिरणारी माणसं मी पाहिली आहेत. पण जी धावपळ आधी फक्त विजेत्यांना पडायची, ती आता सगळ्यांनाच पडते. 2024 साली मुंबई मंडळाच्या 2030 घरांसाठी लाखाहून जास्त अर्ज आले. त्या लाखांतल्या कितीतरी जणांनी डोमिसाईल आणि उत्पन्नाचा दाखला यांसाठी सेतूत नाहीतर महा ई-सेवा केंद्रात रांग लावली असणार.

आमच्या वॉर्डातलं केंद्र म्हणजे दहा बाय बाराचा गाळा. दोन कॉम्प्युटर, एक स्कॅनर, थम घ्यायचं यंत्र, आणि भिंतीवर दरपत्रक. ते प्रिंटरच्या मागे गेल्यामुळे कोणालाच वाचता येत नाही. खुर्चीवर बसलेल्या मुलीला सगळे 'मॅडम' म्हणतात. वय पंचविशीच्या आतलं, पण समोरचा कागद टेबलावर ठेवतो न ठेवतो तोच ती निकाल देते. "काका, हे लाईटबिल कोणाच्या नावावर?" काका म्हणतात, मालकाच्या. "मग मालकाचं ना-हरकत पत्र लागेल, आणि त्यांच्या आधारची झेरॉक्स." काकांचा चेहरा पडतो. मॅडमला तो दिसतो, पण तिचे डोळे स्क्रीनवरच असतात, कारण काकांमागे अजून चौदा जण उभे असतात.

तिचं खरं कसब कागद लहान करण्यात आहे. दाखल्यांच्या सरकारी पोर्टलला फोटो 5 ते 20 केबीचा लागतो आणि कागद 75 ते 500 केबीचा. कागद जड झाला की साईट घेत नाही, हलका केला की अक्षरं फुटतात आणि चार दिवसांनी 'कागद अस्पष्ट' असा शेरा लागून अर्ज परत येतो. जुन्या, घडीवर फाटलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याचं स्कॅन करताना ती पाठीमागे काळा कार्डबोर्ड धरते, म्हणजे मागचं छापील उमटत नाही. हे तिला कुणी शिकवलेलं नाही. परत आलेल्या अर्जांनी शिकवलंय.

डोमिसाईलसाठी पंधरा वर्षांचं वास्तव्य दाखवावं लागतं. माझा नवरा साताऱ्याकडचा, शाळा तिकडे, त्यामुळे जन्म आणि शिक्षण हा भाग एका दाखल्यात संपला. पुढची वर्षं मात्र मुंबईतल्या भाड्याच्या खोल्यांची. भांडुप, मग कांजूर, मग पुन्हा भांडुपची दुसरी चाळ. प्रत्येक खोली अकरा महिन्यांची. मॅडमनं अ‍ॅग्रीमेंटं मागितली तेव्हा ती पत्त्यांच्या डावासारखी टेबलावर मांडली आणि मधले पत्ते गायब असल्याचं लगेच दिसलं. दोन मालकांनी करार नोंदवलेलाच नव्हता. शंभराच्या स्टॅम्पपेपरवर सह्या, तेवढंच.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण निम्म्या भाडेकरूंना ती ठाऊक नसते. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999च्या कलम 55 नुसार लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदणीकृत असणं बंधनकारक आहे, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. न केल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. पण डिपॉझिट देऊन सामान टेम्पोत चढवलेला माणूस मालकाला कलम ऐकवत नाही. आणि मालक नोंदणी टाळतो ती बहुतेकदा भाड्याचं उत्पन्न कागदावर येऊ नये म्हणून. त्याच्या त्या बचतीची किंमत भाडेकरू पुढे डोमिसाईलच्या रांगेत मोजतो.

मी जुन्या मालकीणबाईंना फोन केला. "वहिनी, फक्त एवढंच लिहून द्या की आम्ही तुमच्याकडे राहत होतो." त्या प्रेमळ बाई, गणपतीत अजून मोदक पाठवतात. पण म्हणाल्या, "अगं, ह्यांना विचारते. उद्या काही कोर्टकचेरी नको." ह्यांनी नको म्हटलं. शेवटी मधली फट भरून काढली ती मुलाच्या शाळेच्या बोनाफाईडनं, गॅसच्या पुस्तकानं आणि बँकेच्या पासबुकावर छापलेल्या पत्त्यानं. मुलाच्या पहिलीच्या दाखल्यावरून बापाचं वास्तव्य ठरावं यात मॅडमला काहीच विचित्र वाटलं नाही. "चालतं हे," एवढंच ती म्हणाली आणि पुढचं टोकन पुकारलं.

उत्पन्नाचं प्रकरण वेगळं. म्हाडा नवरा-बायकोचं एकत्रित उत्पन्न धरते. मुंबई महानगर प्रदेशात वर्षाला सहा लाखांपर्यंत अत्यल्प गट, नऊ लाखांपर्यंत अल्प, बारा लाखांपर्यंत मध्यम. आयकर विवरणपत्र असेल तर ते चालतं, नसेल तर तहसीलदारांचा दाखला. नवरा गोदामात कामाला, पगार निम्मा खात्यात, निम्मा हातात. मी घरी बसून मुद्रितशोधन करते, महिन्याला किती मिळेल ते प्रकाशकावर. तलाठी कार्यालयातल्या भाऊसाहेबांनी विचारलं, "ताई, नक्की आकडा सांगा." नक्की आकडा ज्यांच्याकडे असतो त्यांच्याकडे विवरणपत्रही असतं. मग स्वयंघोषणापत्र. 2015 पासून दाखल्यांसाठी प्रतिज्ञापत्राऐवजी ते चालतं, आणि सरकारनं माणसाच्या शब्दावर एवढा विश्वास टाकणं मला अजूनही आवडतं.

लोकसेवा हक्क कायद्यानं दोन्ही दाखल्यांना पंधरा दिवसांची मुदत आहे. 'त्रुटी' असा शेरा मारून अर्ज परत आला की तो पुन्हा पाठवावा लागतो, आणि अर्जदाराच्या दिवसांचा हिशोब मग कुठेच राहत नाही. सोडतीच्या अर्जाची शेवटची तारीख मात्र कुणासाठी थांबत नाही.

पात्र ठरलं म्हणजे परवडलं असंही नाही. 2023 च्या सोडतीत गोरेगावच्या पहाडी इथली अत्यल्प गटातली घरं तीस लाखांच्या घरात होती. सहा लाखांच्या आत कमावणाऱ्याला तेवढं कर्ज कोण देतं, हा विषय एका वेगळ्या लेखाचा.

मला राहून राहून वाटतं ते एवढंच. नोंदवलेला प्रत्येक भाडेकरार राज्याच्याच नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संगणकात असतो, त्यावर भाडेकरूचा अंगठा आणि फोटोही असतो. डोमिसाईल देणारं महसूल खातंही राज्याचंच. ही दोन खाती एकमेकांचे कागद बघू लागली तर गॅसच्या पुस्तकाला साक्षीदार करावं लागणार नाही. तोवर भाड्यानं राहणाऱ्यांनी एवढं करावं: करार नोंदवूनच घ्या, मालक खर्च देत नसेल तर नोंदणी फी आणि एकूण भाड्यावर पाव टक्का मुद्रांक शुल्क स्वतः भरा, आणि खोली सोडली तरी कराराची प्रत टाकून देऊ नका. डोमिसाईलही सोडतीच्या जाहिरातीची वाट न पाहता आत्ताच काढून ठेवा. जाहिरात आली की केंद्राबाहेरची रांग जिन्यापर्यंत जाते.