चार हजारांची पंगत, वाढपी किती?

गजानन महाराजांच्या प्रगटदिनाला बुलढाणा जिल्ह्यात गावोगाव भंडारे होतात. समजा, एका पंगतीला चार हजार माणसं बसली आहेत. चुलीपाशी भाकरींची चवड लागलीय, झुणका आणि अंबाडीची भाजी तयार आहे. सगळ्यांना कडाडून भूक लागलीय. तरी पानं रिकामीच! कारण वाढपी मोजके.

ग्राफिक्स कार्डाच्या पोटात हेच चालतं. चिपमधले हजारो कोअर आ वासून बसलेले असतात. त्यांचं अन्न, म्हणजे डेटा, शेजारच्या मेमरीत असतं, आणि मधली वाढप्यांची फळी म्हणजे मेमरी बस. १२८ बिटांची बस एका फेरीत १२८ बिट नेते, २५६ ची दुप्पट. हिशेब शाळकरी आहे: रुंदीला एका तारेच्या वेगाने गुणा, आठाने भागा. सेकंदाला किती गिगाबाइट, ते हाती येतं.

आता गंमत बघा. २०२० च्या आरटीएक्स ३०६० टीआयची बस २५६ बिटांची, तार सेकंदाला १४ अब्ज बिट वाहणारी. उत्तर ४४८ गिगाबाइट. २०२३ साली आलेल्या ४०६० टीआयच्या तारा १८ अब्जांच्या, पण बस १२८ चीच. उत्तर २८८! नवं कार्ड आणि वाट अरुंद? मग ते चालतं कशाच्या जोरावर?

पंगतीतच एक मोठं पातेलं ठेवून दिलंय. त्याला कॅश म्हणतात. पुन्हापुन्हा लागणारा डेटा तिथूनच वाढायचा, चुलीपर्यंत जायचंच नाही. जुन्या कार्डात हे पातेलं ४ एमबीचं होतं, नव्यात ३२ एमबीचं.

पण ४के पडद्यावर सुमारे ८३ लाख ठिपके असतात. ठिपक्याला चार बाइट धरले, तर एकटं चित्रच ते ३२ एमबी जवळजवळ काठोकाठ भरतं. मग भिंती, गवत, चेहरे यांचे पोत ठेवायचे कुठे? १०८०पी पडद्याचं चित्र याच्या पाव जागेत मावतं. म्हणून तिथे नवं कार्ड पुढे असतं, ४के वर ती आघाडी आटते आणि काही गेममध्ये तर जुनंच बाजी मारतं. कार्डं तीच, पडदा बदलला की निकाल बदलला! दुकानात 'किती जीबी?' एवढंच विचारणाऱ्यांना हे कोण सांगणार?

जीबीचा आकडाही बसच ठरवते बरं का. जीडीडीआर६ मेमरीची एकेक चिप ३२ बिटांनी जोडलेली असते. १९२ बिटांच्या आरटीएक्स ३०६० ला म्हणून सहा चिप, प्रत्येकी २ जीबीच्या. झाले १२!

मग बस रुंदच का करत नाहीत? तारांचे हे सांधे प्रोसेसरच्या कडेला असतात, आणि कड काही ताणता येत नाही. तारेचा वेग वाढवावा, तर तिथेही कमालच आहे. १८ अब्जांच्या तारेवर एका बिटाच्या वाट्याला येणाऱ्या वेळात प्रकाश पोकळीतसुद्धा जेमतेम १.७ सेंटिमीटर जातो. बोर्डावरच्या तांब्यात सिग्नलचा वेग त्याच्या निम्म्याच्या आसपास. मेमरी तर काही सेंटिमीटर दूर! म्हणजे पहिला बिट पोचायच्या आत त्याच तारेवर दुसरा, तिसरा धावत सुटलेला असतो.

तरी रुंद बस अगदीच अशक्य नाही. पुण्याच्या सी-डॅकचा 'परम सिद्धी-एआय' हा महासंगणक नोव्हेंबर २०२० च्या जागतिक यादीत ६३ वा आला. त्यातल्या एनव्हिडिया ए१०० चिपची बस किती रुंद असेल? ५,१२० बिट! तारा मात्र संथ, सेकंदाला अडीच अब्जांहूनही कमी बिट वाहणाऱ्या. तरी या चिपच्या ४० जीबीच्या आवृत्तीत बेरीज होते सेकंदाला १,५५५ गिगाबाइट. इतक्या तारा साध्या बोर्डावर मावणार कशा? म्हणून मेमरीच्या चकत्या एकीवर एक रचल्या, त्यांना आरपार भोकं पाडून त्यांतून जोडण्या ओवल्या, आणि ते मनोरे प्रोसेसरला खेटून सिलिकॉनच्याच पातळ पाटावर बसवले. एका मनोऱ्याचे १,०२४ बिट, आणि असे पाच मनोरे.