विश्लेषण : शाळेतील नाट्यकार्यशाळा उद्याच्या कामासाठी खरेच उपयोगी आहेत का?

नाट्यशिबिरांच्या जाहिरातींत अलीकडे अभिनयापेक्षा ‘भविष्यातील कौशल्ये’ हे शब्द ठळक दिसतात. नाटकाने मुलांची सर्जनशीलता वाढते आणि सर्जनशील माणसाला उद्या काम मिळते, असा हा हिशेब. तो कितपत खरा आहे?

हा विषय आताच का?

जागतिक आर्थिक मंचाच्या २०२५ च्या अहवालानुसार, २०३० पर्यंत कर्मचाऱ्यांच्या आजच्या कौशल्यांपैकी सुमारे ३९ टक्के बदलतील किंवा कालबाह्य ठरतील, असा कंपन्यांचा अंदाज आहे. कंपन्यांना हव्या असलेल्या कौशल्यांत सर्जनशील विचार बराच वर आहे. ‘ओईसीडी’ या प्रामुख्याने प्रगत देशांच्या संघटनेने ‘पिसा २०२२’ चाचणीत पहिल्यांदाच ही क्षमता मोजली. ६० गुणांपैकी सदस्य देशांची सरासरी ३३, तर सिंगापूरचे गुण ४१. भारत या चाचणीत नव्हता. आपल्याकडे २०२३ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याने चित्र, संगीत, नृत्याबरोबर नाट्यालाही कलाशिक्षणात जागा दिली आहे.

कार्यशाळा आणि स्नेहसंमेलनातील नाटक यांत फरक काय?

खरा मुद्दा हाच आहे. स्नेहसंमेलनात संहिता बाई आणतात, खणखणीत आवाजाच्या चार मुलांना भूमिका मिळतात, उरलेली झाडे होतात किंवा दरबारी. कल्पकता वापरली जाते ती बाईंची. मुले वाक्ये पाठ करतात.

कार्यशाळेत संहिताच नसते. समजा, शिक्षक एवढेच सांगतात : गावची विहीर आटली आहे, टँकर आठवड्यातून दोनदाच येणार आहे, ग्रामसभा भरवा. कोणी सरपंच होते, कोणी ऊस असलेला शेतकरी, कोणी टँकरचालक. भांडण रंगले की शिक्षक थांबवतात आणि पाहणाऱ्यांपैकी एखादी मुलगी सरपंचाच्या जागी उभी राहते, शेवट बदलतो. ब्राझीलचे रंगकर्मी ऑगुस्तो बोआल यांच्या ‘फोरम थिएटर’ची ही पद्धत.

ब्रिटनच्या डोरोथी हिथकोट यांनी वर्गालाच तज्ज्ञांची भूमिका दिली. मुले एखादे काल्पनिक संग्रहालय किंवा कंपनी ‘चालवतात’. ग्राहकाचे पत्र येते, त्याला उत्तर लिहावे लागते, खर्चाचा अंदाज काढावा लागतो, नकाशा आखावा लागतो. प्रत्यक्ष कामाच्या सर्वांत जवळ जाणारी पद्धत हीच म्हणावी लागेल.

पुरावे काय सांगतात?

इथे जाहिराती आणि संशोधन यांची फारकत होते. अॅन पॉडलोझ्नी यांनी २००० मध्ये ८० अभ्यास एकत्र तपासले. वर्गातील नाट्यामुळे मुलांची बोलीभाषा आणि गोष्टीचे आकलन सुधारते आणि त्याचा उपयोग त्यांनी कधी न केलेल्या गोष्टी समजून घेतानाही होतो, असे त्यांना आढळले. १२ देशांत सुमारे साडेचार हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या ‘डाइस’ प्रकल्पात नाट्य करणारी मुले संवादात आणि अडचणी सोडवण्यात अधिक आत्मविश्वासू दिसली. यातला बराच भाग मुलांनी स्वतःविषयी दिलेल्या उत्तरांवर आधारलेला होता, हे लक्षात घ्यायला हवे. ‘ओईसीडी’च्या २०१३ च्या पुस्तकाचा सूर तर सावध आहे : नाट्यामुळे भाषिक क्षमता वाढते याला पुरावा आहे, सर्जनशीलतेबाबत मात्र ठामपणे सांगण्याइतका नाही. नाटक केल्याने पंधरा वर्षांनी चांगली नोकरी मिळते, असे यांपैकी एकानेही दाखवलेले नाही.

अर्थात चारचौघांत मुद्दा मांडता येणे ही काही किरकोळ कमाई नव्हे. मुलाखतीत अडखळणाऱ्या हुशार मुलांना विचारून पाहा.

मराठी बालरंगभूमीचा अनुभव काय?

सुधा करमरकर यांनी ‘लिटल थिएटर’मधून मुलांसाठी भव्य नाटके आणली. डॉ. मोहन आगाशे यांनी १९८० च्या दशकात बर्लिनची ‘ग्रिप्स’ चळवळ पुण्यात रुजवली. तिच्यात राजा-राणीऐवजी मुलांचे रोजचे प्रश्न आले. पण दोन्हीकडे मुले मुख्यतः प्रेक्षक. रत्नाकर मतकरी यांच्या पुढाकाराने ठाण्यात उभ्या राहिलेल्या ‘वंचितांचा रंगमंच’मध्ये वस्त्यांतली मुले स्वतःच्या जगण्यातले विषय घेऊन स्वतः उभी राहिली. कार्यशाळेची कल्पना याच्या जवळची आहे.

अडचण कुठे आहे?

साठ मुलांचा वर्ग, न हलणारे बाक आणि शेजारच्या वर्गाची तक्रार. त्यात एका दिवसाच्या कार्यशाळेतून छायाचित्रांपलीकडे फारसे हाती लागत नाही. तास दर आठवड्याला हवा. शाळा शुल्क मागत असेल तर पालकांनी विचारावे : प्रसंगाचा शेवट कोण ठरवते, आणि गप्प बसणाऱ्या मुलाची पाळी येते का?

सरकारी शाळांचा पेच वेगळा आहे. शिक्षणहक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीत १०० पेक्षा जास्त मुले असतील तरच कलेसाठी अंशकालीन निदेशकाची तरतूद आहे. वाडी-वस्तीवरच्या शाळा या आकड्याच्या जवळपासही नसतात. तिथे हा तास घेतला तर वर्गशिक्षकच घेणार, आणि त्यांच्या प्रशिक्षणाचा खर्च कोणी करायचा हे अजून ठरायचे आहे.