प्रत्येक शाखेला एक उद्योजक : हिशेब कोण देणार?

सरकारी योजनांची नावे ऐकली की कुणाचीही छाती फुगावी. स्किल इंडिया, डिजिटल इंडिया, स्टार्टअप इंडिया, स्टँडअप इंडिया, मुद्रा! जिल्हा परिषदेच्या भिंतीपासून एस.टी. स्टँडवरच्या फलकापर्यंत सगळीकडे हसऱ्या तरुणांची चित्रे झळकत असतात. पण आमच्या वस्तीतला तरुण त्या चित्रात कुठे आहे, असे विचारले की राज्यकर्ते एकूण आकडा सांगतात आणि पुढच्या घोषणेकडे वळतात. या एकूण आकड्याच्या पोटात काय दडले आहे, हे पाहण्याची सवय आता आपणच लावून घेतली पाहिजे. म्हणून आज आम्ही मुख्यतः एकाच योजनेचा हिशेब मांडणार आहोत.

५ एप्रिल २०१६ रोजी, बाबू जगजीवनराम यांच्या जयंतीदिनी, पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी स्टँडअप इंडिया योजना सुरू केली. योजना समजायला अगदी सोपी होती. प्रत्येक व्यापारी बँकेच्या प्रत्येक शाखेने अनुसूचित जाती किंवा जमातीच्या किमान एका व्यक्तीला आणि किमान एका महिलेला नवा उद्योग उभारण्यासाठी १० लाखांपासून १ कोटी रुपयांपर्यंत कर्ज द्यायचे. देशात अशा सुमारे सव्वा लाख शाखा आहेत, म्हणून अडीच लाख उद्योजक उभे राहतील, असे तेव्हा सांगण्यात आले. म्हणजे सव्वा लाख अनुसूचित जाती-जमातींचे आणि सव्वा लाख महिला, असा तो सरळ हिशेब होता.

आता नऊ वर्षांनंतर जाहीर झालेले सरकारी आकडे पाहा. एकूण खाती सुमारे २ लाख ५२ हजार. वा! लक्ष्य पूर्ण झाले की! पण जरा थांबा. यातील महिलांची खाती सुमारे १ लाख ९० हजार आहेत. अनुसूचित जातींची खाती ४६ हजारांच्या आसपास आणि अनुसूचित जमातींची १५ हजारांच्या आसपास. दोन्ही मिळून ती साडेएकसष्ट हजारांच्या पुढे जात नाहीत. सव्वा लाखाच्या हे निम्मेही नाही. एका शाखेने एक उद्योजक उभा करायचा होता, आणि नऊ वर्षांत दोन शाखांनी मिळून धड एकही उभा केला नाही, असा या आकड्यांचा अर्थ आहे.

येथे कुणी गैरसमज करून घेऊ नये. महिलांना कर्ज मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. हिंदू कोड बिलासाठी १९५१ साली मंत्रिपदावर पाणी सोडणाऱ्या बाबासाहेबांचे आम्ही अनुयायी आहोत. महिलांच्या हिश्शाकडे आम्ही वाकड्या नजरेने पाहणार नाही. आमचे म्हणणे एवढेच की, एकाच्या भरलेल्या ताटाने दुसऱ्याचे रिकामे ताट झाकू नका.

हे असे का झाले? आमच्या तरुणांत धमक नाही म्हणून? की ते बँकेत गेलेच नाहीत म्हणून? काही काळापूर्वी आम्ही मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी अशाच एका तरुणाबरोबर बँकेत गेलो होतो. मुलगा आय.टी.आय. झालेला वेल्डर. सहा वर्षे कारखान्यांत कंत्राटी कामगार म्हणून राबला, ठेकेदार बदलत गेले, पगार मात्र तिथेच राहिला. शेवटी गावी परतला. दुसऱ्याच्या दुकानात खिडक्यांच्या जाळ्या, फाटके आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या तयार करून देतो. त्याला स्वतःचे फॅब्रिकेशनचे दुकान टाकायचे आहे. त्याच्या फायलीत जातीचा दाखला होता, आय.टी.आय.चे प्रमाणपत्र होते, उद्यम नोंदणी होती, प्रकल्प अहवाल होता आणि मशिनरीचे कोटेशनही होते. एक कागद कमी नव्हता.

साहेबांनी फाईल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, "योजना आहे, पण आमच्या शाखेला त्याचे टार्गेट नाही." जी योजनाच मुळी प्रत्येक शाखेसाठी होती, तिचे टार्गेट या शाखेला नाही! आम्ही नियम सांगितला तेव्हा प्रश्न बदलला. "तारण काय देणार?" घर पत्र्याचे, बौद्धवाड्यातले, नमुना आठवर अजून आजोबांचे नाव. मग सिबिल निघाले. कोरोनाच्या काळात मोबाईलचे दोन हप्ते थकले होते, ते तिथे दिसत होते. शेवटी साहेब म्हणाले, "बघू, पुढच्या महिन्यात ये." तो पुढच्या महिन्यात गेला, त्याच्या पुढच्याही महिन्यात गेला. तोवर कोटेशनची मुदत संपली. नवे आणले तर मशिनचा भाव वाढलेला.

या सगळ्या हेलपाट्यांत "कर्ज नामंजूर" असे त्याला कुणी एकदाही लिहून दिले नाही. आमच्या मते सारी मेख इथेच आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचा कर्जाचा अर्ज शाखेच्या पातळीवर फेटाळू नये, तो निर्णय वरच्या पातळीवर व्हावा आणि नकाराचे कारण स्पष्ट नोंदवावे, हा नियम रिझर्व्ह बँकेच्या परिपत्रकांत वर्षानुवर्षे लिहिलेला आहे. पण अर्ज स्वीकारलाच नाही तर फेटाळण्याचा प्रश्न येतोच कुठे? पोच नाही म्हणून अर्ज नाही, अर्ज नाही म्हणून नकार नाही, आणि नकार नाही म्हणून तक्रारही नाही. पूर्वी पाणवठ्यावर तोंडाने हाकलत असत, तिथेही कुणी लेखी देत नव्हते!

तारणाचेही तसेच. लहान उद्योगांच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागू नका, असे रिझर्व्ह बँकेने २०१० मध्येच बजावले. स्टँडअप इंडियात त्यावरच्या कर्जासाठीही तारणाऐवजी पतहमी निधीचा आधार घेण्याची सोय केली होती. तरीही काउंटरवर पहिला प्रश्न जमिनीचाच. ज्या समाजाला शतकानुशतके जमीन बाळगू दिली नाही, त्याच्याकडे सात-बारा मागायचा आणि नाही म्हटले की हात वर करायचे, ही कुठली पतनीती?

महाराष्ट्र शासनाने यात एक चांगले पाऊल उचलले होते, तेही सांगितले पाहिजे. स्टँडअप इंडियात उद्योजकाने सुरुवातीला २५ टक्के रक्कम स्वतः उभी करायची होती. म्हणजे २० लाखांच्या प्रकल्पाला ५ लाख. मजुराच्या पोराने ५ लाख आणायचे कुठून? म्हणून २०१९ पासून राज्याच्या सामाजिक न्याय विभागाने अनुसूचित जाती व नवबौद्ध उद्योजकांसाठी त्यातील १५ टक्के भार उचलण्याची योजना आणली. अर्जदाराने १० टक्केच भरायचे. पण हे पैसे मिळायचे बँकेने कर्ज मंजूर केल्यावर! म्हणजे राज्याच्या योजनेची किल्लीही पुन्हा त्याच साहेबांच्या खिशात. महात्मा फुले मागासवर्ग विकास महामंडळाच्या, १९७८ साली स्थापन झालेल्या आमच्या हक्काच्या महामंडळाच्या, बीजभांडवल योजनेची गतही हीच. महामंडळ आपला हिस्सा द्यायला तयार असते, पण मोठा वाटा बँकेचा, आणि प्रकरणे बँकेत धूळ खात पडतात.

कर्जाचा विषय निघाला की आम्हाला सांगितले जाते, आधी कौशल्य मिळवा. ठीक आहे, कौशल्याचाही हिशेब करू. २०१५ मध्ये प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना सुरू झाली. तिच्याविषयीचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. त्यांनी तपासलेल्या नोंदींत ९४ टक्क्यांहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात एकतर शून्ये होती किंवा काहीच नव्हते. प्रमाणपत्र मिळालेल्या शंभरांपैकी ४१ जणांच्या आसपासच रोजगाराला लागल्याचे दिसले. प्रशिक्षण कुणाला दिले आणि पैसे कुणाला पोहोचले, हे विचारायचे कुणाला?

संगणक शिक्षणाचे वेड आमच्या समाजाला काही कमी नाही. २००१ साली महाराष्ट्रात एमएस-सीआयटी आली तेव्हा मजुरीच्या पैशांतून फी भरून आमच्या आयाबहिणींनी मुलांना क्लासला घातले. पुढे २०१७ मध्ये केंद्राने ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान काढले. मार्च २०२४ मध्ये ते संपले तेव्हा ६ कोटी ३९ लाख लोकांना प्रशिक्षित केल्याचे जाहीर झाले. अभ्यासक्रम होता २० तासांचा. आणि अभियान सुरू झाले त्याच सुमारास, २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत, ग्रामीण भागातील शंभर कुटुंबांपैकी पाच घरांतही संगणक नव्हता. शिकलेला पोरगा घरी येऊन सराव कशावर करणार होता? आज हातोहाती मोबाईल आहेत, हे खरे. पण मोबाईलवर व्हिडिओ पाहता येणे वेगळे आणि जीएसटीचे विवरणपत्र भरता येणे, सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलवर माल विकता येणे वेगळे.

त्या सरकारी खरेदीतही आमचा वाटा ठरलेला आहे, हे किती जणांना ठाऊक आहे? २०१२ च्या धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी आपल्या वार्षिक खरेदीपैकी ४ टक्के माल व सेवा अनुसूचित जाती-जमातींच्या सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यायची आहे. वर्षामागून वर्षे गेली, ही खरेदी बराच काळ एक टक्क्याच्या अलीकडे-पलीकडेच घुटमळत राहिली. कारण काय सांगतात? "पुरेसे पुरवठादार मिळत नाहीत." मिळतील कसे? बँक कर्ज देत नाही म्हणून कारखाना नाही, कारखाना नाही म्हणून माल नाही, आणि माल नाही म्हणून चार टक्के कोरे. एका दाराला लावलेले कुलूप पुढची सगळी दारे बंद करते, ते असे.

मग उरते काय? मानधन! २०२४ मध्ये राज्यात मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावीला महिना ६ हजार, आय.टी.आय. व पदविकेला ८ हजार, पदवीधराला १० हजार. आधी सहा महिने, पुढे ओरड झाल्यावर आणखी पाच महिने. अकरा महिने तरुणांनी सरकारी कार्यालयांत कामे केली आणि मुदत संपताच ते पुन्हा घरी. ज्यांनी कामे केली त्यांचा आम्ही अवमान करत नाही. पण याला रोजगार म्हणायचे काय?

बाबासाहेबांनी १९१८ सालीच, भारतातील लहान शेतजमिनींवरील आपल्या निबंधात, शेतीवर पडलेला माणसांचा फाजील भार उद्योगधंद्यांकडे वळवल्याशिवाय गत्यंतर नाही, हे दाखवून दिले होते. १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना कामगारांचे प्रश्न आणि तांत्रिक प्रशिक्षण त्यांनी हाताळले. हा अर्थतज्ज्ञ नेता आम्हाला नुसता नोकरी माग असे सांगून गेला नाही. पण आम्ही सरकारी नोकरीच्या एकाच दारात उभे राहिलो, आणि कंत्राटीकरणाने ते दार आता किलकिलेच उरले आहे. अशा वेळी भांडवलाचे दार उघडणे हा आमच्या पोराबाळांच्या जगण्याचा प्रश्न आहे.

आणि हा प्रश्न आताच विचारायला हवा. १ फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात केंद्राने पाच वर्षांत ५ लाख नवउद्योजकांना २ कोटींपर्यंत मुदत कर्ज देण्याच्या नव्या योजनेची घोषणा केली. कुणासाठी? महिला, अनुसूचित जाती आणि अनुसूचित जमाती. पुन्हा तिघांना मिळून एकच आकडा! स्टँडअप इंडियाच्या अनुभवातून शिकू, असेही सांगण्यात आले. शिकायचेच असेल तर पहिला धडा हा आहे की, तिघांचे लक्ष्य वेगवेगळे ठरवा आणि हिशेब शाखानिहाय मांडा. नाहीतर पाच वर्षांनी पाच लाखांचा फलक लागेल आणि आम्ही पुन्हा त्या फलकाखालीच उभे असू.

सरकार आपणहून हा हिशेब देईल, या भ्रमात आम्ही नाही. तो मागावा लागेल. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली बँकांची सल्लागार समिती असते आणि अग्रणी बँक तिचे काम पाहते. आपल्या तालुक्यातील कोणत्या शाखेने किती अनुसूचित जाती-जमातीच्या उद्योजकांना कर्ज दिले, हा प्रश्न तिथे गेला पाहिजे. राष्ट्रीयीकृत बँकांना माहितीचा अधिकार कायदा लागू आहे. दहा रुपयांच्या अर्जावर शाखानिहाय आकडे मागता येतात. आणि बँकेत जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने एक गोष्ट गाठीशी बांधावी. फाईल तोंडी दाखवू नका, अर्ज आवक करून पोच घ्या. साहेब नाही म्हणाले तर नम्रपणे म्हणा, "साहेब, नकार लिहून द्या." या चार शब्दांत फार ताकद आहे.

बांधवांनो, यंदाच्या भीमजयंतीला मिरवणूक जरूर काढा. पण डीजेच्या खर्चातला थोडा हिस्सा बाजूला ठेवून मंडपात एक टेबल आणि दोन खुर्च्या मांडा. वस्तीतला बँकेतून निवृत्त झालेला एखादा कर्मचारी आणि संगणक जाणणारी एखादी मुलगी तिथे बसवा. ज्याला दुकान टाकायचे आहे, त्याची फाईल तिथे तयार होऊ द्या. तो वेल्डर तरुण आता तिसरे कोटेशन घेऊन बँकेत जाणार आहे. या वेळी तो एकटा जाणार नाही. वस्तीतली दहा माणसे त्याच्याबरोबर जाणार आहेत, आणि परतताना त्यांच्या हातात एकतर मंजुरी असेल, नाहीतर लेखी नकार.

जयभीम!