मैदानाबाहेर (भाग ७) : दोघी विजेत्या, दोन सभागृहं

मागच्या भागात आपण इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल रुग्णालयापाशी थांबलो होतो. १९४८ साली डॉ. लुडविग गुटमन यांनी तिथे १६ जखमी सैनिकांची धनुर्विद्येची स्पर्धा भरवली आणि त्यातूनच पुढे पॅरालिम्पिक उभं राहिलं. आज पॅरालिम्पिकच्या मैदानावरून थेट संसदेत पोचलेल्या टॅनी ग्रे-थॉम्पसन यांच्याविषयी.

१९६९ साली कार्डिफमध्ये जन्म. स्पायना बिफिडा, म्हणजे गर्भातच मणका नीट न जुळण्याचा विकार. त्या उतरल्या व्हीलचेअर शर्यतीत. शर्यतीची व्हीलचेअर घरातल्या खुर्चीसारखी नसते. ती लांबुळकी आणि तीनचाकी असते. जाड हातमोजे चढवून चाकालगतच्या कड्यांवर वरून खाली ठोसे मारत ती पळवायची. पायांचं काम खांद्यांनी करायचं. त्या बळावर १९८८ ते २००४ या पाच पॅरालिम्पिकमध्ये त्यांनी १६ पदकं जिंकली, त्यांपैकी ११ सुवर्ण. लंडन मॅरेथॉन सहा वेळा.

त्यांपैकी चार सुवर्णपदकं २००० सालच्या सिडनीतली. त्याच वर्षी बीबीसीच्या सर्वोत्तम क्रीडापटूच्या निवडीत त्या तिसऱ्या आल्या. मात्र व्यासपीठावर जायला रॅम्पच नव्हता! सन्मान खाली बसूनच घ्यावा लागला.

२०१० मध्ये त्या हाऊस ऑफ लॉर्ड्सच्या सदस्य झाल्या. हे सभागृह निवडून दिलेलं नसतं. आपल्याकडे मेरी कोम, पी. टी. उषा राज्यसभेवर नियुक्त झाल्या, साधारण तसाच प्रकार. फरक एवढाच, की तिथली नेमणूक तहहयात असते. ग्रे-थॉम्पसन कोणत्याही पक्षाच्या बाकावर बसत नाहीत. अशा नेमणुका बहुतेकदा शोभेच्या ठरतात, असं माझं मत आहे. त्या मात्र कल्याणकारी भत्त्यांच्या कायद्यांवर कलमागणिक भांडत राहिल्या.

ऑगस्ट २०२४ मध्ये पॅरिस पॅरालिम्पिकला निघालेल्या असताना रात्री लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकावर त्यांना गाडीतून उतरवायला रॅम्प घेऊन कुणी आलंच नाही. अखेर सामान आधी फलाटावर टाकून त्या स्वतः सरपटत उतरल्या. गाड्या अपंगांना वापरता येतील अशा करण्याची ब्रिटनमधली मुदत २०२० च्या पहिल्याच दिवशी संपली होती. पण नियम प्रामुख्याने डब्यापुरता: दार किती रुंद, खुर्चीला जागा किती. डबा आणि फलाट यांच्यातली उंची तशीच, आणि तिथला रॅम्प कर्मचाऱ्याच्या हातात. तो आला नाही की कायदा दारातच अडतो.

अपंगांच्या वतीने बोलणारे सगळे एकच बोलतात, असं मात्र कुणी समजू नये. कॅनडाच्या शाँताल पेटिक्लेर या तितक्याच मोठ्या व्हीलचेअर धावपटू. १४ पॅरालिम्पिक सुवर्णपदकं, २०१६ पासून सिनेटर. मृत्यू जवळ आलेला नसतानाही असह्य वेदना भोगणाऱ्याला वैद्यकीय साहाय्याने मरण मागता यावं, हे २०२१ चं विधेयक सिनेटमध्ये त्यांनीच पुढे नेलं. अनेक अपंग संघटनांचा त्याला कडवा विरोध होता. आपल्या देहाचा निर्णय अपंगानेही स्वतः घ्यावा, ही पेटिक्लेर यांची बाजू.

ग्रे-थॉम्पसन नेमक्या उलट बाजूला. जगायला लागणारी मदत धड मिळत नसताना मरणाची निवड मोकळी कशी म्हणायची, असा त्यांचा आक्षेप. इंग्लंड आणि वेल्ससाठीचं असंच, पण केवळ मरणासन्न रुग्णांपुरतं विधेयक २० जून २०२५ रोजी हाऊस ऑफ कॉमन्सने ३१४ विरुद्ध २९१ मतांनी मंजूर केलं. ते लॉर्ड्समध्ये आल्यावर त्यात दुरुस्त्या सुचवणाऱ्यांत ग्रे-थॉम्पसन आघाडीवर होत्या.