उथळ कुंडीतले पाणी

हातभर उंचीचा, पारंब्या सुटलेला वड तबकाएवढ्या कुंडीत उभा असलेला तुम्ही एखाद्या प्रदर्शनात पाहिला असेल. हे बोन्साय. मूळची चीनमधली ही कला जपानने जोपासली. जपानी भाषेत 'बोन' म्हणजे तबक आणि 'साय' म्हणजे लागवड. तबकासारखी उथळ कुंडी हाच या कलेचा आत्मा आणि हीच तिची अडचण.

कुंडी बदलण्याच्या वेळी हौशी मंडळी एकत्र जमतात, कारण एकट्याचे हात पुरत नाहीत. एकाने खोड धरायचे, दुसऱ्याने मुळे मोकळी करून छाटायची, तिसऱ्याने विटांचा चुरा चाळायचा. अशा वेळी एक वाद हटकून निघतो. कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा की नाही? खडीमुळे पाण्याचा निचरा चांगला होतो, असे पुष्कळांचे मत असते. वाद क्षुल्लक नाही. मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. माती सतत चिंब राहिली तर मुळे कुजतात आणि वीस वर्षे जपलेले झाड एका पावसाळ्यात हातचे जाते.

याचा निकाल स्पंजचा एक आयताकृती तुकडा देतो. तो पाण्यात पूर्ण भिजवा आणि न दाबता आडवा धरा. थोडे पाणी गळेल व थांबेल. आता तोच स्पंज उभा धरा. पुन्हा पाणी गळू लागेल!

असे का व्हावे? केशाकर्षणामुळे अर्धा मिलिमीटर त्रिज्येच्या काचेच्या नळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते, त्रिज्या ०.१ मिलिमीटर असेल तर सुमारे १५ सेंटिमीटर. मातीच्या कणांमधल्या फटी म्हणजे वाकड्यातिकड्या केशनलिकाच. जेवढ्या उंचीचे पाणी त्या तोलून धरतात, तेवढा तळाचा थर चिंब राहतो, मग कुंडीला छिद्रे कितीही असोत. समजा, ही उंची ३ सेंटिमीटर आहे. १५ सेंटिमीटर खोल कुंडीत वरची १२ सेंटिमीटर माती हवेशीर राहील. ४ सेंटिमीटर खोल बोन्सायच्या कुंडीत मात्र फक्त १ सेंटिमीटर!

आता तळाशी १ सेंटिमीटर खडी घाला. खडीतल्या फटी मोठ्या, म्हणून त्यांची ओढ कमी. बारीक मातीतले पाणी सोडून खाली यायला तयार होत नाही. चिंब थर नाहीसा होत नाही, तो खडीच्या वर जाऊन बसतो. हवेशीर माती उरली किती? शून्य.

तेव्हा उपाय तळाशी नसून मातीच्या दाण्यात आहे. दाणे २-३ मिलिमीटरचे व सारखे असले की फटी मोठ्या राहतात. बारीक पूड त्या फटी बुजवते, म्हणून ती चाळून टाकायची. जपानी लोक अकादामा नावाची दाणेदार माती वापरतात. आपल्याकडे विटांचे तुकडे चालतात. विटेचा दाणा आपल्या सूक्ष्म छिद्रांत पाणी राखतो आणि दाण्यांमधली वाट हवेला मोकळी ठेवतो. कौतुक कात्री चालवणाऱ्याचे होते; माझ्या मते झाड वाचवतो तो चाळणी धरणारा.

आणि पावसाची झड लागली तर? अनुभवी मंडळी कुंडीच्या एका कडेखाली लाकडाचा ठोकळा सरकवतात. उतरत्या बाजूला छिद्र असले की थांबलेले पाणी पुन्हा गळू लागते, स्पंजमधून गळले तसेच.