लेखनिकाच्या चुका

फुप्फुसात दोन गाठी आहेत. एक उजवीकडे, एक डावीकडे. बायोप्सीत दोन्ही सारख्याच दिसतात, एकाच प्रकारचा कर्करोग: अ‍ॅडिनोकार्सिनोमा. उजवीकडचा कर्करोग डावीकडे पसरला असेल, तर आजार चौथ्या स्टेजचा. दोन्ही स्वतंत्रपणे उगवल्या असतील, तर दोन्ही पहिल्याच स्टेजला असू शकतात आणि शस्त्रक्रियेने पूर्ण बरं होण्याची आशा धरता येते. मग ओळखायचं कसं?

न्यूयॉर्कच्या मार्टिनी आणि मेलामेड या डॉक्टरांनी 1975 मध्ये यासाठी निकष मांडले. पेशींचा प्रकार, गाठींची जागा, दोन्हींमधला काळ. डॉक्टर कित्येक वर्षं त्यांवर विसंबले. पण चेहरे जुळले म्हणून रक्ताचं नातं ठरत नाही.

नातं ठरवायची एक रीत जुन्या पोथ्या ताडणाऱ्यांकडे आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती 1919 ते 1966 अशी जवळजवळ अर्धशतक घडत होती. त्यासाठी शेकडो हस्तलिखितं ताडून पाहिली गेली. पाठचिकित्सेचं एक जुनं तत्त्व आहे: शुद्ध ओळ दोन पोथ्यांत सारखी असली तर त्यावरून फारसं काही कळत नाही, पण एकच विचित्र चूक दोन्हींत सापडली, तर त्या एकाच प्रतीवरून उतरवलेल्या असणार.

गाठींचंही तसंच! कर्करोग एका पेशीपासून वाढतो. प्रत्येक विभाजनात डीएनएची सुमारे सहा अब्ज अक्षरं नव्याने उतरवली जातात आणि काही चुकतात. त्यांतल्या मोजक्या चुका रोग पुढे रेटतात, बाकीच्या निरुपयोगी, नुसत्या सोबत आलेल्या. आणि साक्ष देतात त्या याच! ईजीएफआर जनुकातली 858व्या जागेची प्रसिद्ध चूक दोन परक्या गाठींतही स्वतंत्रपणे घडू शकते, कारण ती गाठीच्या फायद्याची असते. पण कुठल्यातरी कोपऱ्यातल्या दहा-वीस बिनकामाच्या चुका अक्षरन् अक्षर जुळल्या, तर तो योगायोग कसा असेल? दोन्ही गाठींत असणारच असे जन्मजात फरक आधी रक्ताच्या नमुन्यावरून वजा केलेले असतात. उलट एका गाठीत ईजीएफआरची चूक, दुसरीत केआरएएस या वेगळ्या जनुकाची आणि सामाईक काहीच नाही, तर त्या बहुतेक वेगळ्याच.

नातं कळलं की भवितव्य कळलं, असं मात्र नाही. गर्भाशयाचं अस्तर आणि अंडाशय यांत एकाच वेळी सापडणारे कर्करोग बऱ्याचदा स्वतंत्र मानले जात, कारण अशा बायका उपचारांनंतर चांगल्या राहत. 2016 मध्ये जनुकं तपासली, तेव्हा बहुतेक जोड्या एकाच पेशीच्या वंशातल्या निघाल्या. तरीही त्या बायका चांगल्याच राहिल्या होत्या.

चुकांची ही तुलना करायला दोन्ही गाठींचे तुकडे लागतात. म्हणून घरात कुणाची कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली असेल, तर काढलेल्या गाठीचे मेणात जतन केलेले तुकडे, म्हणजे ब्लॉक, कुठे आहेत ते आजच विचारून ठेवा. दहा वर्षांनी दुसरी गाठ निघाली, तर ताडून पाहायची पहिली पोथी तीच.